ठकीच्या पाठीची सळई

प्रिय ताई,

सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. चहा निवला, खिडकी उघडली, परत लावली. जीव काही थाऱ्यावर नाही. ठकी परवा फोनवर म्हणत होती, "मावशी, ऑपरेशन होऊन पाठ सरळ झाली ना, की मी आईपेक्षा उंच होणार. मग ओरड म्हणावं, वर बघून!" मी हसले खरी, पण फोन लवकरच ठेवला. तू रजा टाकलीस, भावजींनी तिचा पलंग खालच्या खोलीत आणला, हेही तिनंच सांगितलं.

माझ्या कामाबद्दल विचारतेस आणि मी सांगायला लागले की जांभई देतेस. आज मात्र ऐक. वाकड्या कण्याला आधार म्हणून ज्या बारीक सळया बसवतात, त्या आमच्या प्रयोगशाळेतून तपासून जातात. सळई दोन टेकूंवर आडवी ठेवायची, मधोमध वजन टांगायचं, वाढवत न्यायचं आणि दर वेळी ती किती वाकली ते काट्यावर बघायचं. कमी वाकली तर ताठ. बस, एवढंच माझं काम.

या आठवड्यात आलेल्या सळया जरा जास्तच वाकल्या. वाटलं, माझंच काही चुकतंय. टेकू सारखे केले, काटा बदलला, जाडी पुन्हा मोजली, मैत्रिणीलाही मोजायला लावलं. उत्तर तेच. साहेब म्हणाले, "अहो, केसाएवढा फरक! लोक खोळंबलेत, करा सही." खरं सांगू? त्यांच्यापेक्षा मलाच जास्त घाई होती. खोक्यावरचं इस्पितळाचं नाव मी वाचलं होतं.

मी सही केली नाही. सगळा माल परत गेला. नवा कधी येईल, कुणी सांगत नाही. उद्या तुला इस्पितळातून फोन येईल, तारीख पुढे गेली म्हणून. फोन करणाऱ्या मुलीला फाडून खाऊ नकोस. तारीख माझ्यामुळे गेली. उशीर झाला तर बाक वाढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेच सारखं डोक्यात घुमतंय. तरीही ती सळई ठकीच्या काय, कुणाच्याच पाठीत जाऊ देणं माझ्याच्यानं झालं नसतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहून आजच माणसाहाती पाठवतेय. रविवारी येते. ठकीला मीच सांगेन. तू हवं तेवढं भांड, पण दार उघड.

रागावलीस तरी तुझीच,
धाकटी