सुटी पानं

बडोदा, फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप आईला कौसल्याचा नमस्कार,

उषा, आईला हे सावकाश वाचून दाखव.

आई, माझी तब्येत बरी आहे, जेवण बराबर चालू आहे. बाबांचा खोकला थांबला का?

शिवाजीदादा विहिरीत बुडाल्यावर तू रोज दारातून हाक मारायचीस, ‘शिवा, अंधार पडला, घरी ये.’ त्या हाकेचं मी पुस्तक केल्तं. हातकागदाच्या एकेका पानावर एकेक शब्द, वरून तुझ्या लुगड्याचं कापड. इथल्या एका हॉटेलवाल्यानं ते विकत घेतलं.

आज त्यानं कौतुकानं पाहायला बोलावलं. पाहते तर पुस्तक उसवून पानांच्या फ्रेमा केलेल्या! ‘शिवा’ जिन्यात, ‘अंधार’ जेवणघरात.

“एवढी सुंदर पानं मिटून कशाला ठेवायची?” तो म्हणाला.

“‘ये’ कुठंय?” मी विचारलं.

“ते पान फाटलं. टाकलं.”

मी खुर्चीवर चढून सगळ्या फ्रेमा उतरवल्या. त्यानं अडवलं न्हाई.

आता पानं समोर आहेत, पण ‘ये’ माझ्यानं लिहवत न्हाई. दादाचं नाव निघालं म्हणून रडू नकोस. उषाकडून अक्षर गिरवायला शिकून घे आणि तूच एका कागदावर ‘ये’ काढून पाठव. वाकडं आलं तरी चालंल.

बाबांच्या पाया पडते.

तुझी,
कौसू