बायपासपलीकडची वसाहत

घाटंजी,
३ एप्रिल २०२५

चि. अनिकेतला अनेक आशीर्वाद.

सूनबाईच्या, आभाच्या हातचं खाऊन तुझं पोट सुटलंय म्हणे. यवतमाळहून येणारा प्रत्येक जण हीच बातमी आणतो.

फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिते. रस्ता रुंद करताना समोरच्या बिस्मिल्लाबीची खोली गेली. बदल्यात मिळणारं बायपासपलीकडच्या नव्या वसाहतीतलं घर तिला नको होतं. मीच हात धुऊन मागे लागले. आराखडा माझ्या भाच्याने केलाय, दारात बस येईल, असं गल्लीभर मिरवत सांगितलं. घर पक्कं आहे, नाही कशाला म्हणू? पण तिकडे ना बस, ना ऑटो. साडीला फॉल लावायला इतक्या लांब कोण जाणार? तिची शिलाई मशीन झाकून पडली आहे.

ईदला ती भर उन्हात चालत शीरखुर्मा घेऊन आली. मी खिडकीतून पाहिलं आणि आतून कडी लावून घेतली. तिने दोनदा हाक मारली, मी स्वयंपाकघरात जाऊन लपले. शेवटी डबा पायरीवर ठेवून गेली बिचारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर शाळेत पोरींना खरं बोलायला शिकवलं रे मी!

बस येणार की नाही, एवढं खरं कळव. चिडले असले तरी माया होती तेवढीच आहे.

तुझी,
रत्नप्रभा आत्या


यवतमाळ,
९ एप्रिल २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

बस येणार नाही. जागा स्वस्तात मिळाली, नकाशावर घरं नीट बसली, आम्ही खूश. तिथून माणसं कामाधंद्याला कशी जातील, हे मी कुणालाच विचारलं नाही. ते बसवाल्यांचं काम, असं म्हणून मोकळा झालो. ती जागाही मी गाडीच्या काचेतूनच पाहिली होती. लाज तुला कशाला? ती माझी आहे.

रविवारी बिस्मिल्लाबीकडे गेलो. तिने ओळखलं, खाट टाकली, पाणी दिलं. बसचं नावही काढलं नाही. मी माफी मागणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, की शीरखुर्म्यात काही चुकलं का, बाई माह्यावर काहून रागावल्या? कडीचा आवाज तिने ऐकला होता.

मान वर होईना माझी. आत्या आजारी आहे, तिला उठवत नाही, असं बोलून बसलो.

आता येत्या बाजाराच्या दिवशी ती तुला पाहायला येणार आहे. पायीच. दार तेवढं उघड, आणि माझं हे खोटं पदरात घे.

तुझा,
अनिकेत