अंगदची ओ

८ जानेवारी
माजलगावला एसटीतून उतरलो, धुळीनं पांढरा. आप्पारावांनी लांबूनच ‘भारतराव!’ म्हणून हाक मारली. एवढा मान पुण्यात कुणी दिला नव्हता. धरणाच्या काठाला त्यांचं शेत, मेंढरं. त्यांच्या बायकोच्या, दगडाबाईंच्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि त्या हसल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच, म्हणे.

लेक म्हणजे अंगद, आमच्या बँडचा गिटारवाला. मागच्या उन्हाळ्यात याच पाण्यात बुडाला. त्याचं अर्धं राहिलेलं गाणं पुरं करायला मी आलोय. गाणं कसलं, नुसती वाद्यं. फक्त मधोमध आईची हाक, तिला त्याची ओ, आणि मग गिटार सुटणार. ती हाक आणि ती ओ तेवढी रेकॉर्ड व्हायची राहिली.

९ जानेवारी
दिवेलागणीला दगडाबाई काठावर जाऊन हाक मारतात, ‘अंगऽऽद!’ हेल अगदी त्याच्या गिटारचा. अख्खं गाणं या हाकेतून निघालंय हे कळलं. हाक रेकॉर्ड केली. ओ येत नाही म्हणून त्या जेवत नाहीत, चहावरच निजतात. मी म्हटलं, मी ओ दिली तर? आप्पाराव चिडलेच. दुसऱ्याच्या नावाला ओ देऊ न्हाई, नाव अंगाला चिकटतंय, म्हणाले. मला हसू आलं.

१० जानेवारी
राहवलं नाही. रेकॉर्डर चालू ठेवून बाभळीआडून ओरडलो, ‘ओ, माय!’ दगडाबाई मटकन खाली बसल्या. मग पोटभर जेवल्या. गाण्यालाही ओ मिळाली. आज फार बरं वाटतंय.

११ जानेवारी
हेडफोन लावून ऐकलं. ती ओ माझी नाही. अंगदची आहे, शेवटी जराशी फाटणारी. दगडाबाईंना ऐकवली. त्यांनी माझ्याच तोंडावरून हात फिरवला. ‘कावून रं येवडा उशीर केला?’

१२ जानेवारी
आप्पाराव म्हणतात, सकाळपासून भारतराव, भारतराव करतोय. मला एकही हाक ऐकू आली नाही. बॅग भरली. पाण्याकडून मात्र ‘अंगद’ आलं. दगडाबाई तर चुलीपाशी होत्या. मी तोंड दाबून धरलं, तरी आतून ओ—

१३ जानेवारी
आईचा फोन. भारत, भारत म्हणतेय. बोल ना रे, म्हणतेय. रडतेय. आई, मीच गं— ओठ हलतात, ओ फुटत नाही. या नावाला माझी ओच—

पाण्याकडून पुन्हा—

ओ, मा—