साखळीच्या दुसऱ्या टोकाला

तीर्थरूप मामांच्या चरणी (बूट नुकतेच पॉलिश केलेले असतील तर जरा लांबूनच) भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असेलच. मामींचा गुडघा काय म्हणतो? कुत्रं अजून फक्त पोस्टमनवरच भुंकतं ना? दाढीच्या वेळी बेसिनमध्ये पाणी साठवता येत नाही म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलंय, असं मामींनी कळवलं. वाचून मला फार म्हणजे फारच वाईट वाटलं. पण त्याबद्दल मागाहून.

पत्राचं कारण असं की तुमच्या भाच्याचं लग्न जमता जमता एका खिशात अडकलंय. आमच्या चष्म्याच्या दुकानात एक मुलगी येते हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तिचा नंबर कधीचा बदललेला नाही, तरी ती दर महिन्याला डोळे तपासायला येते, यावरून काय ते समजा.) आम्हा दोघांचं ठरलंय, राहिलेत फक्त तिचे बाबा. त्यांचं घड्याळांचं दुकान. जुन्या घड्याळांवर भारी जीव, आणि बॅटरीवालं घड्याळ घालणाऱ्याकडे असं बघतात की आपण चिखलाच्या पायांनी आत आलो की काय असं वाटावं. हे ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या घराण्यात खिशातलं साखळीचं घड्याळच वापरतात. आता घराण्यात म्हणजे कोण, तर तुम्ही एकटेच!

सुट्टीत मी तुमच्याकडे होतो तेव्हा तुम्ही तुमचा जुना वेस्टकोट मला दिलात, पाठीत स्वतः दोन टाके घातलेत (शिवणातला तुमचा हात अजून तसाच आहे) आणि सगळं शिकवलंत. पँट खांद्यांवरून धरणारं गॅलिस आणि कमरेचा पट्टा एकदम लावणाऱ्याचा स्वतःच्या पँटवरही भरवसा नसतो. वरच्या खिशातला रुमाल इस्त्रीच्या घडीने ठेवायचा नाही, बोटांनी चुरगाळून सोडून द्यायचा. हॅट कडेला धरून काढायची, पातेल्यावरचं झाकण उचलल्यासारखी नाही. आणि मुख्य म्हणजे एकदा अंगावर चढवलं की विसरायचं. ज्याला सारखा हात लागतो ते उसनं दिसतं. सगळं दिलंत, पण घड्याळ मागितलं तेव्हा म्हणालात, आधी छत्री न हरवायला शीक. मामा, छत्री एकदाच हरवली होती! (दुसरी चोरीला गेली.)

तर गेल्या रविवारी मी नटूनथटून त्यांच्या घरी गेलो. पोटावर साखळी झुलत होती. कुठली साखळी ते आत्ता विचारू नका. सुरुवात झकास झाली. हॅट कडेला धरून काढली. बूट काढायला वाकलो तेव्हा गॅलिसचा मागचा चिमटा सुटून फाडकन पाठीत बसला, पण मी हूं की चूं केलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते भावनेचं म्हणून खपलं. (बटणांचंच गॅलिस घे म्हणून तुम्ही कानीकपाळी ओरडला होतात, मान्य.) खोलीत चारी भिंतींवर घड्याळं, पण सगळी दुरुस्तीला आलेली, त्यामुळे प्रत्येकात वेगळेच वाजलेले. चहा झाला, आणि तिच्या बाबांनी माझ्या पोटाकडे बघत अगदी सहज विचारलं, किती वाजले हो?

मामा, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कारण साखळीच्या दुसऱ्या टोकाला होतं एक काळं रबरी बूच. बेसिनचं! पण तुमचे बोल आठवले, की घाबरलेल्याच्या अंगावर हिराही काचेचा दिसतो. मी ऐटीत बूच बाहेर काढलं, तुम्ही धरता तसं तळहाताच्या आडोशाला धरलं, एक भुवई जराशी उंचावली, आणि रबरात बघून म्हणालो, पावणेपाच.

त्यांनी स्वतःचं घड्याळ बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं की तुमचं चार मिनिटं मागे पडतंय. (म्हणजे मी जवळजवळ बरोबर! नुसत्या रबरात बघून!) ती तोंडाला पदर लावून आत पळाली आणि बराच वेळ आतून खोकल्याचा आवाज येत राहिला. बिचारीला सर्दी झाली असावी. मग बाबा म्हणाले, द्या बघू इकडे. मी म्हटलं, मामांची सक्त ताकीद आहे, घराबाहेर दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. त्यावर त्यांनी मान डोलावली. म्हणाले, ठीक आहे, येत्या रविवारी हत्यारं घेऊन तुमच्याच घरी येतो, घड्याळ उघडून साफ करतो आणि तिथेच लग्नाचंही काय ते बोलून टाकू.

मी हसतमुखाने हो म्हणालो, आणि तेव्हापासून रविवारपर्यंतचे दिवस मोजतोय. थट्टा सोडा मामा, मला ती हवी आहे. दुकानाची घंटी वाजली की अजूनही आधी दाराकडेच बघतो. एका बुचापायी ती हातची गेली तर मी तोंड कुठे लपवू?

मामींना नमस्कार. कुत्र्याला थोपटा.

तुमचा आज्ञाधारक (छत्र्यांचा विषय सोडून)
भाचा

ता. क. तुमचं घड्याळ कापसात गुंडाळून रविवारच्या आत पाठवा. हात जोडतो!

आणखी ता. क. बूच तुमचंच आहे. मामींनी शेजाऱ्यांवर संशय घेऊ नये. घड्याळ आलं की लगेच परत करतो. (पत्र पोस्टात टाकायला तिच्याकडे देतोय. ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली नाही.)

मामा, नमस्कार. मी 'ती'. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. (चिकटलेलं होतं.) घड्याळ मुळीच पाठवू नका. बाबांनी दारातच ओळखलं, आमच्याही बेसिनला तशीच साखळी आहे. रबरात बघून इतक्या शांतपणे वेळ सांगणारा जावई शोधूनही मिळायचा नाही, म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी मला होकार देऊन टाकला. मात्र याला एवढ्यात सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. रविवारी बाबा डोळ्याला भिंग लावून ते बूच उघडायला बसणार आहेत. तेव्हा हा काय सांगतो ते मला ऐकायचंय. मी आत्तापासून खोकल्याची तयारी करतेय. सोबत तुमच्या बेसिनसाठी नवं बूच पाठवलंय, साखळीसकट. लग्नानंतर आम्ही दोघं राहायला येऊ, तेव्हा ते तेवढं कुलपात ठेवा.