वानराचा वारस

१९ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ.
फर्दापूरला राहायला येऊन तीन महिने झाले, पण गावाला माझी खरी ओळख आज पटली. सकाळी विजेच्या डीपीवर शॉक लागून म्हातारा हुप्प्या गेला. हुप्प्या म्हणजे वानरांच्या टोळीतला मुख्य नर. माझ्या भाषेत टीम लीडर. शनिवारी मारुतीचं वानर गेलं म्हटल्यावर सगळं गाव जमलं. भजन झालं, देवळामागे समाधी दिली. मग सुतक कोण धरणार, हा प्रश्न आला. इथं वानराचंही दहावं-तेरावं करतात आणि मुलाच्या जागी कुणीतरी बसावं लागतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भजनी मंडळाचे मुंजाबा म्हणाले, लगीनसराई हाय, टक्कल घिऊन कोण मिरवंल? मी हात वर केला. वाळूजच्या कंपनीत आयुष्यभर लीडरशिपचं ट्रेनिंग दिलंय, ते काय उगाच?

२० एप्रिल.
दमयंती रागावली आहे. तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही केस दिले नव्हते, असं म्हणाली. तेव्हा प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता. या बाईला कॉन्टेक्स्ट कळत नाही.

२८ एप्रिल.
दहावा. मुंडण झालं. ऊन डोक्यात घुसतंय. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होतो, तेवढ्यात टोळी आली आणि पिंडच घेऊन गेली. मुंजाबा म्हणाले, लई शुभ झालं. सर, आता तुमीच त्याचं वारस. दमयंतीला हे दोनदा सांगितलं. ती भांडी घासत होती.

२९ एप्रिल.
डोंगराकडून नवा हुप्प्या आला. दांडगा, एक कान फाटलेला. दुपारपर्यंत टोळी त्याच्या ताब्यात. आता समोरच्या चिंचेवर बसून माझ्याकडे बघतो. बॉडी लँग्वेज हा माझा विषय. मी ताठ उभा राहून थेट डोळ्यांत बघितलं. पापणीही हलवली नाही. त्यानं दात दाखवले. हसला. मीही हसलो. मग त्यानं भली मोठी जांभई दिली, म्हणजे माझ्या सहवासात रिलॅक्स झाला. नंतर बराच वेळ करकरा दात खात होता. उन्हाळ्यात कॅल्शियम कमी होत असावं.

१ मे.
सकाळी झेंडावंदन, दुपारी तेराव्याची पंगत. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. पहिलं पान माझं. मी चार शब्द बोललो. माणूस आणि वानर एकाच घराण्यातले, मधे फक्त काही लाख वर्षांची भावकी आलीय, वगैरे. विषय रंगात आला होता, तर मुंजाबांनी हळूच विचारलं, अजून लई हाय का? वाढपी खोळंबलेत.
घरी आलो तर स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी वाकलेली आणि पोळ्यांचा डबा गायब. घरचा माणूस विचारून थोडीच नेतो?

३ मे.
टोळीतल्या एका आईच्या कडेवरचं पिल्लू परवापासून झोपलेलंच आहे. ती त्याला घेऊन या फांदीवरून त्या फांदीवर जाते. त्याची मान लोंबते. उन्हानं पेंगुळलं असेल. बाकीची दोन पिल्लं दिसत नाहीत. मामाकडे गेली असतील.
मोबाईलवर वाचलं की नवा नर आला की जुन्याची पिल्लं मारून टाकतो. दमयंतीला दाखवणार नाही. उगाच पॅनिक होते. शिवाय ते संशोधन कुणा परदेशी लोकांचं. आपल्या वानरांवर मारुतीचे संस्कार आहेत. मुंजाबांचंही हेच मत. देव हाय त्यो, काय करत नाय.

५ मे.
शेळीचं दूध घालणाऱ्या म्हाळसाबाई आता मागच्या दारानं येतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, समोरून नाय येत, लई वंगाळ बघतो त्यो. गावात प्रबोधनाची फार गरज आहे. पावसाळ्यानंतर वर्ग सुरू करावा.

६ मे.
शाळेला सुट्टी लागली म्हणून चारुता ओवीला घेऊन आली. लेक जेवढी चिडकी, नात तेवढीच गोड. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. माझ्या टकलावरून हात फिरवून खूप हसली.
दमयंतीचं म्हणणं, पोरगी आहे तोवर घरापुढच्या ओट्याला जाळी बसवू. मी ठाम नाही म्हणालो. जाळी लावली की विश्वास संपला. तिनं गुपचूप वनविभागाला फोन केला होता. मी लगेच उलट फोन करून सांगितलं, इथं काही प्रॉब्लेम नाही, येऊ नका. घरात एकच निर्णय चालला पाहिजे.

७ मे.
ओवीचं ट्रेनिंग सुरू. ताठ उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं, सगळे दात दाखवून हसायचं. पोर हुशार, आरशासमोर लगेच जमलं. विचारत होती, आजोबा, तो जवळ आला तर? म्हटलं, मी आहे ना.

८ मे.
तो चिंचेवरून कंपाऊंडच्या भिंतीवर आला. सायंकाळी भिंतीवरून तुळशीपाशी. माझ्याकडे बघतच नव्हता. ओवीकडे बघत होता. मुलांची ओढ सगळ्यांनाच असते.
चारुता म्हणाली, उद्याच आम्ही घरी जातो. म्हटलं, दुपारपर्यंत थांब, ओवीचा डेमो बघून जा.

९ मे.
सिल्लोडचा दवाखाना. ओवीच्या दंडाला टाके. इंजेक्शनं. बाकी ठीक. सविस्तर नंतर.

१० मे.
नोंद वस्तुनिष्ठ हवी म्हणून शांतपणे लिहितो.
ओवीनं कुठंही चूक केली नाही. ओट्यावर ताठ उभी राहिली, डोळ्यांत बघितलं, सगळे दात दाखवून हसली. मी तिच्या मागेच होतो. चारुता गाडीत बॅगा ठेवत होती. त्यानं उडी मारली. मी काठी आणायला आत गेलो. तेवढ्यात वाऱ्यानं दार लागलं.
दमयंती म्हणाली, वाऱ्यानं दार लागतं. कडी लागत नाही.
दारावर खालच्या बाजूला थापा पडत होत्या. मला वाटलं, तोच आहे. आजोबा आजोबा असं ऐकू येत होतं, पण गोंधळात नीट कळत नाही माणसाला. दमयंती मागच्या दारानं धुणं वाळत घालायची काठी घेऊन धावली. तिच्यामागे म्हाळसाबाई दगड घेऊन. तोवर चारुतानं त्याच्या तोंडातून पोरीचा हात सोडवला होता, नुसत्या हातांनी. तिलाही ओरखडे आहेत.
काठी स्वयंपाकघरात नव्हतीच. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

११ मे.
दोघी गेल्या. मी गाडीपाशी जाऊन चारुताला समजावलं की क्रायसिसमध्ये आधी स्वतः सुरक्षित राहिलं तरच दुसऱ्याला मदत करता येते. तिनं काच वर केली.

१३ मे.
वनविभागाची माणसं पिंजरा लावून हुप्प्याला घेऊन गेली. दमयंतीनंच बोलावलं. मला विचारलं नाही. मुंजाबा येऊन म्हणाले, देवाला असं धरून न्यायचं म्हंजी बरं न्हवं. डोकं खाजतंय, खुंट आलेत.

१४ मे. दुपार.
चारुताचा फोन आला. माझ्या फोनवर नाही, दमयंतीच्या. ती ओट्यावर बसून बोलत होती, स्पीकरवर. ओवीला आता बरं आहे. तिसरं इंजेक्शन बाकी आहे, ते घेताना रडणार नाही म्हणे.
मग ओवीनं आजीला विचारलं, माकड गेलं का? दमयंती म्हणाली, गेलं गं बाळा, लांब नेलं त्याला.
मग आजोबांना सांग ना, ओवी म्हणाली. सांग, ते गेलंय, आता दार उघडा, घाबरू नका.
मी आतल्या खोलीत होतो. सगळं ऐकू आलं. दमयंतीनं हाक मारली नाही.