पट्ट्याची चड्डी

लातूर,
रविवार, २१ फेब्रुवारी २०१६

ती. सौ. जगदेवीअक्कास,
धाकट्या सिद्धलिंगचा नमस्कार, शरणार्थी. वि. वि.

लोह्याच्या एसटीच्या कंडक्टरनं तुझं पत्र न विसरता डाळ मिलवर आणून दिलं. टायफॉइडनं तुझे कान नेले तेव्हापासून आपल्यात फोनचं काही चालत नाही. पण एक बरं आहे, फोनवर मी तुला एवढं सगळं सांगितलंच नसतं.

इकडे सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड व्यवस्थित चालू आहे. पाण्याचे मात्र हाल आहेत. टँकर येतो तेव्हा अख्खी गल्ली ड्रम घेऊन रस्त्यावर असते. बोअरचं पाणी पिवळं येतं. पिण्याचं आणि पूजेचं आईनं वेगळं ठेवलंय, त्याला कुणी हात लावायचा नाही.

आता मुद्द्याचं. हसू नको. डॉक्टरनं शुगर सांगितल्यापासून मी सकाळी सायकल चालवून राहिलो हे तुला माहीत आहेच. आमच्या ग्रूपनं १३ मार्चला लातूर ते नांदेड जायचं ठरवलंय. वाटेत लोहा, म्हणजे जेवायला तुझ्याकडे. एवढ्या लांबच्या पल्ल्याला गादी शिवलेली सायकलची चड्डी लागते. तिचे दोन प्रकार. एक साधी, कमरेला इलॅस्टिकची. दुसरीला बिब म्हणतात, तिला कमरपट्टीच नसते. खांद्यावरून दोन पट्टे येतात आणि ती वरून लटकून राहते. सायकल दुकानवाला नरसिंग म्हणतो की बिब एकदा घातली की माणूस साध्या चड्डीचं नाव काढत नाही.

माझी अडचण अशी की साधी घातली तर अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या जागी इलॅस्टिक रुततं. तासाभरानं तिथं आग होते. बिब घातली तर पोट मोकळं राहतं, पण वाटेत लघवीला थांबायचं म्हटलं की आधी वरचा शर्ट काढा. आणि दुसरं म्हणजे गळ्यातलं इष्टलिंग. वाकून सायकल चालवताना त्याची चांदीची डबी घसरून पट्ट्याखाली अडकते आणि फासळीत टोचते. नरसिंगची चड्डी घालून पाहिली, दहा किलोमीटरला वळ उठला. तो सहज म्हणाला की काढून ठेव ना दोन तास. त्याला काय सांगणार? आपल्या लिंगायतांत ते जन्मापासून मातीत जाईपर्यंत अंगावरून उतरत नाही.

तू वीस वर्षं शिलाई मशीनवर बसतेस, तूच सांग. साधी घेऊ की पट्ट्याची?

दाजींना शरणार्थी. माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा,
सिद्धू

---

लोहा,
शुक्रवार, २६ फेब्रुवारी २०१६

चि. सिद्धूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

बहिणीला चड्डीचा सल्ला विचारणारा भाऊ अख्ख्या नांदेड जिल्ह्यात मला एकटीलाच मिळाला असावा. पत्र दाजींना वाचून दाखवलं तर त्यांचा चहा नाकातून आला. अरे, तू बालवाडीत असताना आईनं तुला पट्ट्याचीच चड्डी शिवली होती. पोटाचा नगारा होता, साधी टिकत नव्हती. आता परत तोच नगारा झालाय, दुसरं काय!

आता शिलाईवालीचं मत ऐक. कमरेचं इलॅस्टिक कितीही रुंद घेतलं तरी वाकलं की ते दुमडतं आणि एकाच जागी चावतं. जुन्या जखमेवर रोज चावणं चांगलं नाही. पट्ट्याचा भार खांद्यावर जातो. खांदा भार घ्यायलाच असतो. बिब घे. शर्ट काढायची कटकट म्हणतोस, तर एवढा उन्हाळा आहे, घाम येईल, लघवी कुठून येणार?

लिंगाचं म्हणशील तर त्यालाही उपाय आहे. आपले आजोबा औत हाकताना चांदीची डबी घरी देवळीत ठेवायचे आणि लिंग पांढऱ्या कपड्यात बांधून दंडाला घट्ट आवळायचे. अंगावर तर राहिलं ना, मग झालं. तू तसंच कर. पण दंडालाच बांध आणि दोन गाठी मार. कपडा मी पाठवते, दुहेरी शिवून.

इथंही पाण्याची बोंबच आहे. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून माझ्या सासूच्या माहेरची माणसं पेढ्याची भाषा करून राहिलीत. दाजी म्हणतात, कलेक्टर येईल खरा, पण तो अंघोळीला पाणी कुठून आणणार? १३ तारखेला धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी तयार ठेवते. किती माणसं ते कळव.

आईला सांभाळ. आमची आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझी,
अक्का

---

लोहा,
गुरुवार, १७ मार्च २०१६

चि. सिद्धूस,
आशीर्वाद.

हे पत्र रागानं लिहितेय, म्हणून खुशाली मागे राहू दे.

रविवारी दारात आलास तेव्हा किती हसत होतास. गल्लीतली पोरं तुझे पट्टे बघायला जमली, तू त्यांना सायकल उचलून दाखवलीस. मग अंघोळीला बादलीभर पाणी दिलं तर म्हणालास, अर्धीच दे. आत गेलास आणि बाहेर आलास तो वेगळाच माणूस. चेहरा पांढराफटक. बाकीचे सहाजण ताटावर बसले, तू धपाट्याचा तुकडा मोडला नाहीस. पाण्याचा तांब्या पुढं केला तर हात मागे घेतलास. पोटात दुखतंय म्हणालास आणि त्या लोकांना नांदेडकडं लावून स्वतः भर दुपारी माळाकोळीच्या रस्त्यानं उलटा निघालास. पोट दुखणारा माणूस एसटीत बसतो, सायकलवर नाही.

मला ऐकू येत नाही, म्हणून दिसतही नाही असं कुणी सांगितलं तुला? मी काही बोलले का? दाजींचं काही लागलं का? चार दिवस मशीनवर बसते आणि टीप वाकडी जाते. काय झालं ते लिही.

उत्तर आलं नाही तर मीच लातूरला येईन, मग आईसमोर विचारीन.

तुझी,
अक्का

---

लातूर,
शनिवार, २ एप्रिल २०१६

ती. सौ. अक्कास,
सिद्धूचं शरणार्थी.

तुझ्या पत्राला पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा फाडलं. आज तू आईसमोर विचारशील या भीतीनं लिहितोय, एवढंच खरं.

अक्का, लिंग हरवलं.

तू पाठवलेला कपडा दंडाला बांधला होता. चाकूरपर्यंत ठीक होतं. मग घामानं गाठ काचायला लागली, हाताला मुंग्या आल्या. चालत्या सायकलवर मी ती सोडली आणि कपड्यासकट लिंग शर्टाच्या मागच्या खिशात टाकलं. मनात म्हटलं, शर्ट अंगावर आहे म्हणजे लिंगही अंगावरच आहे. त्याच खिशात केळं होतं, चिक्की होती, रुमाल होता. कितीदा हात घातला, काय काय बाहेर काढलं, काही आठवत नाही. तुझ्या न्हाणीत पूजेसाठी म्हणून खिशात हात घातला तर केळ्याची साल निघाली. बाकी काही नाही. लिंगाशिवाय अन्नपाणी घ्यायचं नसतं, म्हणून तुझ्या ताटाला हात लावला नाही.

माळाकोळी, अहमदपूर, शिरूर, चाकूर, जिथं जिथं थांबलो तिथं शोधलं. टपरीवाल्यांना विचारलं. काय हरवलं म्हणून विचारत होते, मला नाव घ्यायची लाज वाटत होती. कपड्याची छोटी पुडी म्हणून सांगत होतो. अंधार पडल्यावर टेंपोत सायकल टाकून घरी आलो.

खरी चूक इथून पुढची आहे. चांदीची डबी घरीच होती, ती मी गळ्यात अडकवली. आईला कळू दिलं नाही. तिच्या चुलत्याचं लिंग नदीत पडलं तेव्हा त्यांनी अन्न सोडलं होतं, ती गोष्ट ती आपल्याला लहानपणी सांगायची ना. तिला हा धक्का सोसणार नाही असं मी मला सांगितलं. आता वाटतं, धक्का मलाच नको होता.

रोज सकाळी भिंतीकडं तोंड करून बसतो. आई माझ्याजवळ स्वच्छ पाण्याचा तांब्या आणून ठेवते आणि मागं बसून राहते. या टंचाईत एवढं नितळ पाणी ती कुठून वाचवते कोण जाणे. मी डबी उघडल्यासारखं करतो. डाव्या तळहातावर काही नसतं, आणि मी त्याच्यावर पाणी घालून राहतो. विभूती लावतो. बेलाचं पान ठेवतो. मग तेच पाणी तीर्थ म्हणून पितो. मागून आईच्या ओठांची पुटपुट ऐकू येते. रोज वाटतं आज सांगावं, रोज उठून मिलवर जातो.

सायकल भिंतीला टेकवून ठेवलीय. ती चड्डी धुऊन कपाटात खाली दडपलीय. तिच्याकडं बघवत नाही.

तू मला काही बोललीस तरी चालेल. नुसती गप्प बसू नको.

तुझा अपराधी,
सिद्धू

---

लोहा,
बुधवार, ६ एप्रिल २०१६

चि. सिद्धूस,
आशीर्वाद. तो मागे घेता येत नाही म्हणून देते.

पत्र वाचून आधी मी माझंच कपाळ बडवून घेतलं. पट्ट्याची घे म्हणून मीच लिहिलं. डबी घरी ठेव म्हणून मीच शहाणपण शिकवलं. आजोबा बैलामागं पायी चालायचे, तू वाऱ्यासारखा पळणार, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या वाट्याचा दोष मी घेते. रात्रीचं जेवण आठवडाभर सोडलंय, दाजी कुरकुर करून राहिलेत, करू देत.

पण तुझा दोष तुझाच. इथल्या मठातल्या जंगमअय्यांना मी नाव न घेता विचारलं. त्यांनी पाटीवर लिहून सांगितलं की हरवलं म्हणून जीव द्यायचे दिवस गेले. कबूल करावं, मठात जावं, पुन्हा लिंगधारण करून घ्यावं. मग मी विचारलं की हरवलेलं लपवून कुणी पूजेचं नाटक केलं तर?  त्यांनी पाटी पुसून पुन्हा लिहून दिलं, त्याला आधी घरात सांगायला लावा, मग मठात पाठवा.

तेव्हा आधी घरात. पाडवा झाला की रविवारी सांग. बायकोला पुढं करू नको, पोरांचा आडोसा घेऊ नको. आईचं वय झालंय म्हणून तिला काही कळू द्यायचं नाही, हा कसला मान? आपण तिच्या पोटचे आहोत, तिच्यापासून झाकून ठेवणारे परके नाही.

चुलत्याची गोष्ट मीही ऐकलीय. तू अर्धी विसरलास. त्यांनी अन्न सोडलं ते सगळ्यांना सांगून, अंगणात बसून. लपून नाही.

सांगितलंस की लिही. तोवर माझा राग आणि माया दोन्ही तुझ्याकडं जमा आहेत.

तुझी,
अक्का

---

लातूर,
रविवार, २४ एप्रिल २०१६

ती. सौ. अक्कास,
सिद्धूचं शरणार्थी. वि. वि.

सांगितलं. तू म्हणालीस त्या रविवारीच, १० तारखेला.

सकाळी तिनं तांब्या आणून ठेवला. मी भिंतीकडं वळलो नाही. तिच्याकडं तोंड करून बसलो आणि डबी उघडून तिच्यासमोर ठेवली. तिला आधी समजलं नाही. तिनं डबीत बोट घालून पाहिलं, मग माझ्या गळ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं. लातूरपासून तुझ्या न्हाणीपर्यंत, आणि त्यानंतरचे चार आठवडे.

ती रडली नाही. म्हणाली, ती चड्डी आण. मी कपाटातून काढून दिली. तिनं ती उलटी केली, गादी दाबून पाहिली, पट्टे ताणून पाहिले. मग एवढंच म्हणाली, "चड्डीला खांदा दिलास आन् देवाला मागचा खिसा." मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल, अन्न सोडेल. मी मान खाली घालून वाट बघून राहिलो. तिनं चड्डीची नीट घडी केली आणि मला परत दिली.

मी विचारलं, की तुझा माझ्यावर राग नाही का? लिंग हरवल्याचा राग नाही, असं ती म्हणाली. मठ आहे, अय्या आहेत, दुसरं मिळेल. मग तिनं आधी तांब्याकडं आणि मग स्वतःच्या लिंगाकडं बोट दाखवलं. तेव्हा मला कळलं, अक्का. ते नितळ पाणी ती कुठून वाचवत नव्हती. ते तिच्याच पूजेचं होतं. घरात पूजेपुरतं एकच तांब्या पाणी निघायचं. मला शुगर, वर नोकरी, त्यात माझी पूजा चुकू नये म्हणून ते ती मला द्यायची, आणि स्वतःच्या लिंगाला नुसतं ओलं बोट लावायची. मी एकाच घरात राहून एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, "तुझं लिंग पुन्हा भेटंल. माझ्या देवाला महिनाभर अंघोळ न्हाई, ते तू कुठून आणून देणार?"

 

गेल्या सोमवारी, १८ तारखेला, मठात जाऊन लिंगधारण झालं. आई सोबत होती. अय्यांनी विचारलं तेव्हा हरवलं कसं ते मीच सांगितलं, तिनं ते माझ्यावरच सोडलं होतं. आता शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येतंय, पण आमच्या गल्लीत अजून तेच हाल आहेत.

बिब मी नरसिंगच्या दुकानात ठेवून आलो, कुणाला बसली तर बसली. साधी घेतलीय. डबी शर्टाच्या आत छातीवर मोकळी राहते. इलॅस्टिक जखमेवर रुततं. तू म्हणालीस तसं चावतं. चावू दे. तू रात्रीचं जेवण सुरू कर, तुझा दोष यात काडीचाही नाही, आईनंच तसं सांगायला लावलंय.

घरात आता एक बदल केलाय. तांब्या आधी आईपुढं जातो. ती सावकाश पूजा करते, मी मागं बसून राहतो. उरलं तर माझी. काल तिनं तांब्या माझ्याकडं सरकवला, मी परत तिच्याकडं सरकवला. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि सगळं पाणी आपल्या देवावर ओतलं. मी माझ्या लिंगाला ओलं बोट लावलं.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही. तरी ठेव.

तुझा,
सिद्धू