उपग्रहाखाली सांडगे

हॅरो, जुलै २००६

तीर्थरूप बाबांस,

सुनेचा वाकून नमस्कार (पत्रातून वाकायला कंबर दुखत नाही, म्हणून दोनदा). तुमचा गुडघा कसा आहे? खानावळीतल्या पोळ्या आता तरी दाताला जुमानतात का? इकडे आईंची तब्येत ठणठणीत आहे. माझी मात्र त्यांच्यामुळे गेल्या शनिवारपासून ठीक नाही. ते सगळं सांगून शेवटी एक विनंती करायची आहे, तेव्हा कृपा करून मधेच पत्र टाकून फिरायला जाऊ नका.

तुम्ही सोसायटीभर सांगता की सून उपग्रह उडवते. बाबा, मी काहीही उडवत नाही. वर गेलेल्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला खालचं नीट दिसतंय की नाही, एवढंच आम्ही तपासतो. डोळ्यांचा डॉक्टर अक्षरांचा तक्ता लावतो ना, तशी आम्ही एका बंद पडलेल्या धावपट्टीवर बॅडमिंटन कोर्टाहून मोठी, पांढरीशुभ्र ताडपत्री अंथरतो. तिचा उजेड आम्ही खालून मोजायचा, उपग्रहाने वरून फोटो काढायचा आणि दोन्ही जुळतात का बघायचं. अट एकच, आकाश स्वच्छ हवं. (इंग्लंडात! ही अट घालणाऱ्याला मी अजून शोधते आहे.) आधीचे सगळे प्रयत्न ढगांनी खाल्ले होते. शनिवारीही फसलं असतं तर कॅमेरा नापास, प्रोजेक्ट बंद आणि प्रोजेक्टच्या मागोमाग माझं वर्क परमिटही. शुक्रवारपासून मी तासातासाला हवामानाचा अंदाज बघत होते.

अशा दिवशी आईंना घेऊन का गेलीस, असं तुम्ही विचाराल. सुहासला ऑफिसात बोलावलं होतं आणि आईंना एकटं ठेवायची सोय नाही. (मागच्या खेपेला त्यांच्या फोडणीने स्मोक अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेड आली. जवान चहा-पोहे खाऊन गेले, पण शेजारी अजून माझ्याशी बोलत नाहीत.) धावपट्टीच्या कडेला त्यांना खुर्ची दिली, थर्मास दिला आणि बजावलं, आई, ताडपत्रीवर चप्पल घालून जायचं नाही हं. त्या बरं म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत एक स्टीलचा डबा होता. मला वाटलं, जेवणाचा असेल.

मग मी ताडपत्रीच्या एका कोपऱ्यावर रोखलेल्या यंत्राला डोळा लावला तो लावलाच. पश्चिमेकडून एक ढग सरकत येत होता. माझे साहेब, ग्रॅहम, घड्याळ बघत एका जागी नाचत होते. ढग अगदी कडेला आला आणि त्याच क्षणी उपग्रह डोक्यावरून निघून गेला. जमलं! मी ओरडून मान वर केली आणि बघते तर काय! ताडपत्रीच्या मधोमध वैजयंतीआत्यांनी वास्तुशांतीला दिलेलं ते काळपट जांभळं पातळ या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरलेलं, त्यावर मुगाचे सांडगे ओळीने घातलेले, आणि शेजारी आई. अनवाणी! चप्पल मी सांगितल्याप्रमाणे खाली काढून ठेवलेली. इतकं कडक ऊन फुकट कशाला घालवायचं, आणि लोकांच्या चादरीला डाग नको म्हणून आपलं पातळ खाली घातलं, असं त्यांचं म्हणणं. ग्रॅहम तोवर गाडीकडे धावले होते. मी सांडग्यांसकट सगळं गुंडाळलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

बुधवारी फोटो आला. पांढऱ्या चौकोनात उभी काळी रेघ. मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे उतरले. कॅमेऱ्यातल्या एका बिंदूची नजर गेली की नेमकी अशीच रेघ उमटते म्हणे. कॅमेरा सदोष आहे, असं ग्रॅहम लिहायला बसले. बोलावं तर माझी नोकरी जाते, गप्प बसावं तर धडधाकट कॅमेऱ्यावर आंधळेपणाचा शिक्का बसतो आणि नोकरी जातेच! शेवटी उभी राहिले आणि म्हटलं, ही रेघ माझ्या सासूबाईंची आहे.

कोणी हसलं नाही. ग्रॅहमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कापडाची रुंदी किती? घरी फोन लावला. आईंनी वीत लावून पातळाचा पन्हा सांगितला आणि तो रेघेच्या रुंदीशी बरोबर जुळला. एवढी बारीक रेघ या कॅमेऱ्याला दिसेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. कॅमेरा पास झाला. मला लेखी ताकीद मिळाली आणि परमिटच्या अर्जावर सहीही. त्या रात्री मी आईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांना वाटलं, सांडगे वाया गेले म्हणून.

आपली आज्ञाधारक,
निवेदिता

ता. क. विनंती राहिलीच. सप्टेंबरात पुन्हा तपासणी आहे. कापड अंथरायला त्याच बाई हव्यात, असा ग्रॅहमचा हट्ट आहे (इतकी सरळ रेघ आमच्यातल्या कोणाला जमत नाही), आणि खरं सांगायचं तर मलाही त्या हव्या आहेत. तेव्हा आईंचं परतीचं तिकीट पुढे ढकलते. तुम्ही आणखी थोडे दिवस खानावळीत काढा.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी आईंनी पत्र वाचायला मागितलं. खालचं अक्षर त्यांचं.

अहो, गोळ्या वेळेवर घ्या. वैजयंतीवन्सं विचारतात ना, मी दिलेलं पातळ नेसत का नाहीस म्हणून? त्यांना सांगा, ते लांबूनच चांगलं दिसतं.